हरणीच्या केसातलं लोखंड

५ नोव्हेंबर १९८६
हरणीचं दूध चार लिटरवरून दीडवर. आई म्हणते, म्हैस गाभण आहे, आटणारच. आईचं शिक्षण दुसरीपर्यंत. माझं बारावी सायन्स (निकाल प्रतिकूल). माझ्या मते मिरजोळ्याच्या कारखान्यांचं पाणी वहाळात येतं, हरणी तेच पिते, त्यातला धातू तिच्या अंगात गेला. काका महिनाअखेर तिला पालीच्या गिऱ्हाइकाला देणार. पारडी असल्यापासून मी वाढवली. विकू देणार नाही.

मासिकात वाचलं: केसावर लेसर मारला की ठिणगी उडते, तिच्या उजेडातल्या रंगांवरून कणभर धातूही ओळखता येतो. मुंबईला भावोजी अशाच प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतात. म्हणजे ओळख आहे.

६ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
नमुना घेतला. केस चाळीस. दोनदा मोजले. जागेची नोंद चुकू नये म्हणून दिवाळीच्या पाडव्याला मीच तिच्या पाठीवर उठवलेल्या गेरूच्या ठशातले घेतले. गोंद घातल्यामुळे ठसा अजून ठळक. तुलनेसाठी पोस्टमन अयूबभाईंचा बोकड. अयूबभाई म्हणाले, घे बाबा, पण दाढी सोड, तेवढीच त्याला शोभते. काकांनी विचारलं, म्हशीचं जावळ काढतोस काय रे? दोन्ही पुड्या पोस्टानं भावोजींना पाठवल्या.

२० नोव्हेंबर
भावोजींचं कार्ड! बोकड: काही नाही. हरणी: लोखंड भरपूर. प्रयोगशाळेचे साहेब स्वतः चकित. विहिरीवर जाहीर केलं.

२३ नोव्हेंबर
गिऱ्हाईक अंगणातूनच परत. म्हणालं, लोखंडी म्हैस नको, पारडू गंजलेलं निघायचं. हरणी वाचली! काका बोलत नाहीत. आमचं दूधही कुणी घेत नाही. लोकांना पटायला वेळ लागतो.

संकल्प: कारखान्यांना पत्र. शुद्धलेखन तीनदा तपासणे.

२८ नोव्हेंबर
दुसरं कार्ड. साहेब विचारतात, म्हशीला सणाचा गेरू लावला होता काय? गेरूत लोखंडच असतं.

कार्ड वहीत लपवलं. विज्ञान काही काळ गुप्त ठेवावं लागतं.

दुपारी ४
अयूबभाई कार्डं वाचूनच पोचवतात. आमच्याआधी वाटेत पाच घरं. आई हसून हसून खाली बसली.

३० नोव्हेंबर
गिऱ्हाईक पुन्हा हजर. म्हैस धुऊन दाखवा म्हणालं. काकांनी पुष्कळ घासली, ठसा निघेना. शेवटी मला हाक मारली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

गोंद मीच घातलेला, त्यामुळे गरम पाण्यानं भिजवून अर्ध्या तासात काढला. अंगणभर लाल पाणी. हरणी मान वळवून बघत होती.

दोन वाजता गेली.

चाळीस केस कमी आहेत, हे गिऱ्हाइकाला सांगायचं राहिलं.