खडीतलं वावर

मु. पूर्णा, रेल्वे क्वार्टर
गुरुवार, १२ जुलै १९८४

कोंडाच्या आबांस, पूर्णेहून तुमच्या घरच्या माणसाचा दंडवत.

मी, कोंडा अन् नात सत्यशीला, आमी तिघी खुशाल हाव. तुमची कंबर कशी हाय ते कळवा. हा कागद आपल्या नातवाकून, अंगदकूनच वाचून घ्या, किशनरावाकडं न्हेऊ नका. त्या माणसाला पारावर बसून दुसऱ्याचे कागद मोठ्यानं वाचायची लय हौस. अक्षर लागलं न्हाई तर अंगदनं दोनदा वाचावं, माझ्यावर चिडू नये. दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर हाय.

तुमी आठ दिसाच्या बोलीवर धाडलं, म्हातारी कुठं अडकली म्हणत असाल. त्याचं असं झालं की कोंडाच्या मागच्या दारी जागा निघाली. दोन बाजा मावतील एवढी. वर नुसतं गवत. म्हणलं, कोथिंबीर तरी लावावी. खुरपं मारलं तर ठण्ण वाजलं! खाली सारी खडी. रुळाखाली घालत्यात ती काळी टोकदार, अन् तिच्यात इंजिनाची राख, जळून दगड झालेला कोळसा. शेजारच्या सुलाबाई कुंपणावरून म्हणल्या, "आजी, तुमी बोरीच्या काळ्या रानातल्या. तुमाला दगडाचं काय ठावं?"

मला आला राग. म्हणलं, "बाई, बोरीला मी नांदायला गेले. जन्म राणीसावरगावच्या माळावरचा हाय. आमच्याकडं आधी दगड दिसतो, मग माती."

मग काय, इरेला पेटले. मोडकी बाज उभी टेकवली, तिच्यावर माती फेकून चाळली. खडी अलीकडं, माती पलीकडं. कोंडा टेसनातल्या ड्यूटीवरून आली की पदर खोचून लोखंडी सबल घ्यायची. मधोमध एक धोंडा निघाला, दोघींनी जोर लावला तरी हालंना. सत्यशीला म्हणती, "आजी, ह्याचं नाव आजोबा ठेवू." कोंडा तिला दटावायली, अन् दटावता दटावता आपणच हसत खाली बसली. जावई गेल्यापासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. म्हणून लिवायले, तुमी रागावू नका. धोंड्याच्या कडंनं खणलं, पाणी सोडलं, दम धरला. सकाळी एका सबलेत उठला. आता त्याच्यावर आमी धुणं धुताव.

नदीचा गाळ आणला, गवळ्याकडचं शेणखत मिसळलं. बी टाकायच्या आधी त्याच खडीतले पाच दगड कडंला मांडून चुना लावला. वावराचे हे पाच पांडव पूजल्याबिगर बी टाकायला माझा हात धजत न्हाई, तुमाला ठावंच हाय. हळदकुंकवाचं ताट घेतलं तर सुलाबाई म्हणल्या, "आजी, तुमी सवाष्ण, तुमीच पूजा." कोंडा आपल्याआपण मागं सरकली, दाराआड. कोणी सांगितलं न्हाई हो तिला. मला ते बघवलं न्हाई. म्हणलं, "सुलाबाई, ज्याचं वावर त्यानंच पांडव पूजायचे. मी हितं पाव्हणी." अन् ताट कोंडाच्या हातात दिलं. पाचीला कुंकू लावलं तिनं. सुलाबाई तडक घरात गेल्या. मला वाटलं झाला बखेडा. तर बाई गुळाचा खडा घेऊन आल्या निवदाला!

आता गंमत ऐका. क्वार्टरातल्या बाया येता-जाता त्या दगडांला हात जोडायल्यात. एकीनं तर नवसाचा नारळ फोडला. ह्यो वावराचा देव हाय, नवसाचा न्हाई, सांगून थकले. खोबरं मातर गोड निघालं.

मेथी हाताएवढी झाली. वांगी, मिरची लावली, ती दिवाळीला येतील. कडंला शेवगा खोचला. अन् काल कोंडानं लिंबाचं रोप आणलं. लिंबाला फळ धरायला चार वर्सं लागत्यात.

तुमी अंगदला थांब म्हणला असाल. थांबवू नका, फुडं वाचू द्या त्याला.

तुमी मला कोंडाचं सामान बांधून तिला कायमची घेऊन ये म्हणून धाडलं व्हतं. निरोप मी आल्या दिवशीच सांगितला. चुलीम्होरं बसून कोंडा म्हणली, "आई, बोरीत मला कोणी उपाशी ठेवणार न्हाई. पण तिथं मी बिचारी कोंडा. हितं मी पाणीवाल्या कोंडाबाई." तरी मी मनात धरून व्हते की वळंल. पण ताट तिच्या हातात दिलं अन् ध्यानात आलं, मी काय बोलून बसले. वावर तिचं, मी पाव्हणी. तुमचा निरोप माझ्याच तोंडानं मोडला. अन् खरं सांगू? लय हलकं वाटलं.

परवा मी टेसनात जाऊन पाहिलं तिला. नवऱ्याच्या जागेवर लागली म्हणून तुमाला ती नोकरी म्हंजे दया वाटती. गाडी थांबली की खिडकी-खिडकीतून हाका येत्यात, "बाई, इकडं!" अन् आपली कोंडा पाण्याची बादली घेऊन अशी चालती जशी घरच्या लग्नात पंगत वाढायली.

मी सोमवारी येते. एकटी. पण त्याच्या आधी तुमी या. ती नोकरीला लागली त्या दिवशी तुमी म्हणला व्हता, त्या टेसनाचं पाणी मला हराम हाय. ती ते इसरली न्हाई. गाडीत बसा, अन् पूर्णा आली की खाली उतरून तिच्याकडं वंजळ करा. बोलू नका काई. नुसतं पाणी प्या.

आधी कोंडाची माय, मग तुमची,
मनकर्णा