काम्बिओ म्हणजे बदल नव्हे

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
बिनतारी संदेश परवाना कचेरी,
पुएर्तो आल्बा.

अर्जदार: अबेलिनो ओयार्सो, निवृत्त केशकर्तनकार, राहणार धक्क्यामागची गल्ली, केइलाको.

विषय: हौशी रेडिओ केंद्राचा नवीन परवाना मिळणेबाबत. (कशातही बदल करणेबाबत नव्हे.)

संदर्भ: १) आपल्या बदल शाखेचे पत्र. २) आपल्याच तपासणी शाखेचे पत्र, ज्याची पहिल्या पत्राशी ओळख नाही.

महोदय,

अग्नी, चाक आणि बिनतारी लहर या तीन गोष्टींनी मनुष्याला पशूंपासून वेगळे केले. पैकी पहिल्या दोन वापरण्यास परवाना लागत नाही. (चाकाला लागतो, असे अर्जदाराचे जावई लाउतारो यांनी मजकूर वाचून निदर्शनास आणले. ते वाहतूक पोलिसात आहेत. वाक्य बरे जमल्याने तसेच ठेवले आहे.)

१. अर्जदार हौशी रेडिओची परीक्षा रीतसर उत्तीर्ण झालेला आहे. मोर्समध्ये त्यास विशेष शेरा मिळाला, कारण बोटांना कात्रीची सवय होती. यंत्र घरी आहे. छपरावर एरियल असून तिच्यावर अर्जदाराची पत्नी ओतिलिया कपडे वाळत घालते. फक्त परवाना नाही, आणि तो नाही तोवर ऐकण्याची मुभा आहे, बोलण्याची नाही. ज्याने जन्मात एकही हजामत गप्प राहून केली नाही, त्याची अवस्था आपण जाणावी.

२. चूक कोठे झाली ते नम्रपणे नमूद करतो. रेडिओवर आपले बोलून झाले की शेवटी ‘काम्बिओ’ म्हणायचे असते. म्हणजे, माझे संपले, आता तुम्ही बोला. न म्हटल्यास समोरचा ताटकळत बसतो. आमच्या क्लबच्या शिक्षिका रोसाल्बाबाई यांचा दंडक असा, की सरावात हा शब्द जो विसरेल त्याने पुढच्या खेपेस सर्वांसाठी बटाट्याच्या पोळ्या आणायच्या. पोळ्या ओतिलियास लाटाव्या लागत असल्याने तिने ही सवय अर्जदाराच्या अंगी घरीच मुरवली. जेवताना मीठ मागायचे तरी काम्बिओ. सरकारी कचेरीत हाच शब्द ‘बदल’ या अर्थी चालतो, हे अर्जदारास ठाऊक होते. त्याच्या जिभेस नव्हते.

३. त्यामुळे आपल्या खिडकीवर जे घडले ते शब्दशः असे. खिडकीवरील बाई म्हणाल्या, “काय काम, आजोबा?” अर्जदार म्हणाला, “परवाना हवाय, काम्बिओ.” “परवान्यात बदल?” “नाही हो बाई, नवीन. काम्बिओ.” “म्हणजे नवीन बदल?” “बदल नकोच आहे मुळी. काम्बिओ.” यावर बाई म्हणाल्या, “आजोबा, एक काय ते ठरवा. मागे रांग आहे.” आणि त्यांनीच ठरवले. अर्ज बदल शाखेत गेला.

४. बदल शाखेने जुना परवाना जमा करण्यास फर्मावले. जुना परवाना नाही, असे अर्जदाराने कळवले. नाही म्हणजे हरवला, असा अर्थ शाखेने काढला आणि हरवल्याचा पोलिसी दाखला मागितला. जावयाने तो मिळवून दिला. “मामा, जे नव्हतंच ते कुठं हरवलं म्हणून लिहू?” असे तो विचारत होता. शेवटी ‘ठिकाण आठवत नाही’ असे लिहिले. तेवढ्यावर शाखेचे पूर्ण समाधान झाले. अर्जदार हा फार पूर्वीपासूनचा परवानाधारक असल्याची नोंद आता आपल्या दप्तरी आहे. परवाना तेवढा नाही.

५. पुढे तपासणी शाखेने ही नोंद वाचली आणि विचारणा केली, की परवाना असूनही आपण हवेत मौन का बाळगता? खुलासा न केल्यास परवाना रद्द होईल. त्याच पत्राच्या पाठीवर छापील ताकीद आहे, की विनापरवाना बोलणाऱ्याचे यंत्र जप्त होईल. बोलावे तर यंत्र जाते. न बोलावे तर नसलेला परवाना जातो. ओतिलियाचे म्हणणे, “अहो, बोलून टाका एकदाचं. कोण ऐकतंय?” सगळेच ऐकतात, महोदय. या छंदाची मौजच ती आहे.

६. आता मूळ दुखणे. एउदोसिओ मान्सिया हा अर्जदाराचा जुना गिऱ्हाईक आणि दोस्त. दुकानात त्याच्याशी बुद्धिबळाचा डाव निम्म्यावर असताना तो कुइल्मा बेटावर लेकीकडे राहावयास गेला. त्याच्याकडे परवाना आहे. अर्जदाराने तो काढावा आणि उरलेला डाव हवेतून खेळावा, असे ठरले होते. बेटावर टेलिफोन नाही. पत्र पोचते, पण त्याची नजर अधू असल्याने ते लेक वाचून दाखवते, आणि लेक बापाचे मन राखण्यासाठी वाटेल ते वाचते असा त्याचा संशय आहे.

दर शनिवारी दुपारी तो हाक मारतो. आरंभी म्हणे, “अबेलिनो, वजीर अडकला म्हणून वाचा बसली का रे? काम्बिओ.” मग नुसती खरखर येते. ती खरखर म्हणजे अर्जदाराची पाळी. अर्जदार यंत्रापुढे बसून ती ऐकतो, आणि हात मांडीखाली दाबून ठेवतो.

गेल्या खेपेस त्याचा सूर निराळा होता. “गड्यांनो, अबेलिनोचं काही बरंवाईट झालं असेल तर सांगून टाका. मी खंबीर आहे. काम्बिओ.” रोसाल्बाबाईंनी लगेच सांगितले, की तो ठणठणीत आहे, परवाना अडकलाय. त्यावर एउदोसिओ म्हणाला, “पास झालेल्या माणसाचा परवाना कोण कशाला अडवील, बाई? थाप तरी नीट मारा.” येत्या शनिवारी उत्तर न आल्यास तो पट आवरणार असून पाद्रीबाबांकडून अर्जदारासाठी प्रार्थना म्हणवून घेणार आहे.

७. सबब, नवीन परवाना मिळावा. तो शनिवारपूर्वी शक्य नसल्यास, आपल्या कचेरीच्या छपरावर अर्जदाराच्या एरियलीहून उंच एरियल आहे आणि तिच्यावर कपडेही नाहीत. एउदोसिओचा सरकारी शब्दावर विश्वास आहे. तो बेटावर राहतो, तेथे सरकार क्वचित जाते. तरी शनिवारी दुपारी आपण त्यास एवढेच कळवावे: अबेलिनो जिवंत आहे. घोड्याने उंट मारला आहे. शह.

आणि शेवटी कृपया ‘काम्बिओ’ म्हणावे. नाहीतर तो वाट पाहत बसेल.

आपला नम्र व तूर्त केवळ ऐकणारा,
अबेलिनो ओयार्सो
केइलाको, मंगळवार, ९ ऑगस्ट १९९४