हुडाला लावलेला साबण

आबा,

ती लाल गाडी आज दुपारी एकदाची गेली. तुम्ही बघितली असती तर हसला असता. दोनच माणसं बसतील एवढी, जमिनीला टेकलेली, आणि वर पत्र्याच्या जागी कापड. बटण दाबलं की कापडाची घडी होऊन मागं जाते. बारामतीच्या एका कॉन्ट्रॅक्टरनं पुण्याहून जुनी घेऊन आणली. आपल्या इंदापूरच्या रस्त्याला ती कशी चालवतो ते त्यालाच ठाऊक. छत गळायला लागलं, शोरूमवाले म्हणाले अख्खं बदला, मग कुणीतरी आपलं दुकान सांगितलं. जीपची हुडं, म्हणजे वरची कापडी छपरं, शिवणारं आता आसपास कुणी उरलं नाही, त्यामुळं कापडाचं काहीही निघालं की माझ्याच गळ्यात येतं. माझा उजवा खांदा गेल्या दिवाळीपासून वर जात नाही, पण ते कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही.

मी कापडावर तांब्याभर पाणी टाकलं आणि अंगठ्यानं चोळलं. पांढरा फेस आला. विचारलं, "धुता कशानं?" तर म्हणाला, "वॉशिंगला देतो की दर रविवारी. फोम मारून चकाचक करत्यात." म्हटलं, "तितंच वाटुळं झालं. साबण कापडातलं लेपण खातो आन् धाग्यात बसून राहतो. मग पाणी वरनं घसरत न्हाय, आत शिरतं. त्यावर किती का भारी औषध मारा, धरत न्हाय." तो म्हणाला, "मावशी, नुसता हात लावून कसं वळखलं?" मी म्हटलं, "आमच्या सासऱ्यांनी शिकवलं, आबांनी." त्यानं चपला काढून भिंतीवरच्या तुमच्या फोटोला हात जोडले. मी खाली बघून बादली शोधायला लागले.

तीन दिवस त्या छतामागं गेले. आधी कोरडा ब्रश, कापडाची वीण जिकडं जाते तिकडंच. मग नुसतं कोमट पाणी, फेस यायचा थांबेपर्यंत. छताच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी निघून जायला भोकं असतात, ती पानांनी आणि मातीनं बुजलेली, ती दोरीनं मोकळी केली. सावलीत एक दिवस वाळवलं. काचांना आणि रंगाला कागद चिकटवून औषधाचे दोन पातळ हात मारले, पहिला पुरता वाळल्यावर दुसरा. सगळं तुम्ही सांगितलेल्या क्रमानं. तुमच्या वेळी मेण टर्पेंटाइनमध्ये वितळवायचं, आता बाटली येते, एवढाच फरक. संध्याकाळी पाठ टेकली की वाटतं, पुरे झालं आता. सकाळी पुन्हा शटर वर करते.

आता सांगते ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. सांगवीच्या तात्यांची जीप आठवते ना, तुमच्या जोडीदाराची? तेव्हा मला तुमच्या हाताखाली येऊन वर्षही झालं नव्हतं. त्याआधी मी घरचं उरकून उसात खुरपायला जात होते. तुम्हीच एक दिवस म्हणालात, "हिची टीप सरळ हाय, हिला दुकानात बसू द्या," आणि घरात कुणाचं काही चाललं नाही. तात्यांच्या हुडाचं शिवण तुम्ही केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते, तरी शिवण तुम्हीच केलं. धुवायचं माझ्याकडं दिलं आणि रिबिटं आणायला बारामतीला गेलात. जाताना म्हणालात, "नुसतं पाणी. साबण लावायचा न्हाय. ऐकलं का?" ऐकलं होतं. पण हुडावर कोंबड्यांची घाण होती, चिखल होता, आणि साबणाशिवाय धुतलेलं माझ्या जिवाला कधी स्वच्छच वाटलं नाही. मी कपड्यांची पावडर घेतली आणि गोधडी धुवावी तसं दगडावर घासलं. तुम्ही आलात, हुडावरनं हात फिरवलात आणि म्हणालात, "ब्येस निघालंय की गं." मी पदर तोंडाला लावून हसले. तुम्ही मेण लावलंत.

तुमची रीत अशी, की हूड चढवलं की तुम्ही स्वतः आत बसायचं आणि गिऱ्हाइकानं वरनं घागर ओतायची. शिवणारा कोरडा उतरला तरच गाडी न्यायची. त्या दिवशी तात्यांनी दोन घागरी ओतल्या. तुम्ही उतरलात तेव्हा पाठीला सदरा चिकटला होता. तात्या मस्करीनं म्हणाले, "आबा, डोळं गेलं तुमचं. नातवंडं खेळवा आता." चहाच्या टपरीवरची माणसं हसली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माथ्याची सगळी शिवण उसवलीत आणि दोन दिवस कापड डोळ्यांजवळ धरून पुन्हा शिवलीत. तरी गळलं. मी तिथंच उभी होते, आबा. शिवण नाही, साबण आहे, एवढं एक वाक्य होतं. ते माझ्या तोंडातनं निघालं नाही.

मग जाड कापडातनं सुई रेटायला तळहाताला बांधायचात ती चामड्याची पट्टी तुम्ही सोडून माझ्या हातात दिलीत. "तू बघ आता." मी ते हूड घरामागं नेलं, फेस संपेपर्यंत पाण्यात खळबळलं, वाळवलं, मेण लावलं. तुमच्या शिवणीला मी सुईसुद्धा लावली नाही. यावेळी मी आत बसले आणि कोरडी उतरले. तात्या म्हणाले, "सुनंच्या हाताला यश हाय." आणि तुम्ही, सगळ्यांच्या देखत, "पोरीचा हात माझ्यापरीस बरा हाय" म्हणालात. अभिमानानं म्हणालात. त्यानंतर तुम्ही सुई धरली नाहीत. जाईपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिलात, आणि कुणी आलं की आत बोट दाखवायचात, "सून करते." हात तर शेवटपर्यंत जाग्यावर राहत नव्हते तुमचे. धोतराच्या काठालाच टाके घातल्यासारखी बोटं हलायची. मला दिसायचं ते, मशीनवरनं समोरच दिसायचं.

काल त्या गाडीत मी बसले, तुमच्या लेकानं झारीनं पाणी ओतलं. थेंब आला नाही. मला उठता येईना तेव्हा त्यांनी हात दिला आणि म्हणाले, "आबांचं डोळं गेलं नसतं तर तेबी बसलं असतं हितं." तेव्हा सांगायचं होतं. त्यांना तरी सांगायचं होतं. मी म्हटलं, "व्हय, बसले असते."

हे लिहून झालं की मी ते चुलीत घालणार आहे, कारण तुमच्या लेकाच्या हाती लागलं तर त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी तयारी नाही. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले, नवी होते, भ्याले, म्हणून गप्प बसले. पहिल्या दिवशीपुरतं ते खरं आहे. पण दुसऱ्यांदा गळलं तेव्हा मी भ्याले नव्हते. तुम्ही मशीनवरनं उठाल आणि ती खुर्ची मला मिळेल हे मला कळलं होतं. पुन्हा उसात जायचं नव्हतं मला. ती पट्टी हातात आली तेव्हा, आबा, तुमच्यासाठी वाईट वाटायच्या आधी मला आनंद झाला होता.