मीराचा सत्कार

२९ सप्टेंबर १९८६, सोमवार
शाळेत मीटिंग. मीरा तिसरीत, वाचन पहिलीतल्या मुलीएवढं. टेस्ट झाल्या, निदान डिसलेक्सिया. रोज एक तास वेगळ्या खोलीत मिस डोनावन शिकवणार. आईबापाची सही हवी. विनीताने तिथल्या तिथे केली. मी नाही. आमच्या घराण्यात पाच पिढ्यांत कोणी नापास नाही! (बाळकाका सोडून. पण तो आजारी होता. तीन वर्षं.)

३ ऑक्टोबर
बॉस्टनला मेंदूवरचं लेक्चर ऐकलं. डॉक्टर म्हणाले, या मुलांच्या मेंदूची रचनाच थोडी वेगळी. आळस नाही, आईबापाची चूक नाही, नव्या पद्धतीने शिकवलं तर फरक पडतो. खूप कष्ट लागतील वगैरे पुढे बरंच होतं, पण माझं काम ‘वेगळी’ या शब्दावर झालं होतं. वेगळी म्हणजे स्पेशलच की! सही ठोकली.

११ ऑक्टोबर
मित्र प्रतापकडे जेवण. त्याची सीमा मीराच्याच वर्गात. कार्टीने घरी सांगितलं असणार, कारण सुलेखावहिनींनी पानावरच विचारलं, मीरा रोज कुठे जाते. मी म्हणालो, मेंदूवरच्या नव्या रिसर्चचा प्रोग्रॅम आहे, निवडक मुलांसाठी. एक अक्षर खोटं नाही. विनीता घरी येईपर्यंत बोलली नाही. दमली असेल.

१४ ऑक्टोबर, लंच अवर
प्रतापचा ऑफिसात फोन. सीमाचा नंबर कसा लावायचा? सांगितलं, वेटिंग लिस्ट मोठी आहे. विषय संपला.

२० ऑक्टोबर
आमच्या श्रूजबरी गावातल्या आणखी तीन मराठी घरांतून फोन. संजीव तर नागपूरहून भाचीला बोलावून घेतो म्हणतोय. विनीता म्हणते, आत्ताच खरं सांगून मोकळे व्हा. सांगणारच आहे. योग्य वेळी.

२४ ऑक्टोबर
प्रताप थेट शाळेत गेला. मिस डोनावन दुसऱ्याच्या मुलीबद्दल नियमाप्रमाणे काही बोलली नाही. लपवतायत म्हणजे भारीच काहीतरी असणार, हा त्याचा निष्कर्ष. हट्टाने सीमाची टेस्ट घ्यायला लावली.

३१ ऑक्टोबर
सीमाला घेतलं नाही! वाचन पाचवीचं, गरज नाही म्हणाले. पोर दोन दिवस रडतेय. प्रताप म्हणतो, मीरासाठी मी वशिला लावला. आता बोलावं तर अब्रू जाते, गप्प बसावं तर मैत्री. इकडे आड, तिकडे विहीर. संकल्प : इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला प्रतापला बाजूला घेऊन सगळं सांगायचं. नक्की.

८ नोव्हेंबर, सकाळी नऊ
आज दिवाळी पार्टी, चर्चच्या हॉलमध्ये. प्रतापला नेमकं काय सांगायचं ते तीनदा म्हणून पाहिलं. एकदम सोपं आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा
प्रतापपर्यंत पोचायच्या आत आमचे अध्यक्ष प्रसन्न माइकवर. मंडळाची कन्या मीरा हिची मेंदू-संशोधन प्रोग्रॅमसाठी निवड झाल्याबद्दल शाल-नारळ देऊन सत्कार! मंडळाला कोणाचा सत्कार केल्याशिवाय चिवडाच पचत नाही. मी पुढे धावलो, तर फोटोसाठी मलाही वर ओढलं आणि खांद्यावर शाल टाकली. टाळ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मीराला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती इंग्लिशमध्ये म्हणाली, त्या खोलीत वाचता न येणारी मुलं जातात. मला अजून येत नाही. सीमाला येतं. मग खाली उतरून तिने नारळ सीमाला दिला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी शाल पांघरून उभा.

प्रतापने माझ्याकडे पाठ फिरवली. सुलेखावहिनींनी मीराला जवळ घेतलं. मला कोणी चहासुद्धा विचारला नाही.

गाडीत मीराने विचारलं, मला कधीच नीट वाचता आलं नाही तर तू लोकांना काय सांगशील. मी म्हणालो, येईल गं, नक्की येईल. ती म्हणाली, ते नाही विचारलं.