वनलतेचा बाप

चौल, ता. ३ नोव्हेंबर १९३५
॥ श्री दत्त प्रसन्न ॥

ती. बाळाजीदादास, मनूचा सा. न. वि. वि.

यंदा दत्ताच्या जत्रेचं सारं भागोजीकाकांकडे आहे, आणि तुमच्या नाटक कंपनीचं जुनं 'संगीत वनलता' पुन्हा उभं करायचं त्यांनी ठरवलंय. वनलता अर्थात पूर्वीसारखा तूच. वाटेत भेटेल तो मला विचारतो, दादा कधी येतो. बोलपटांनी कंपनी बुडवली, तू नाही. मग गावाला तोंड का चुकवतोस? परवाच्या भाऊबीजेलाही नुसतं लुगडं आलं. लुगड्याला ओवाळू का मी?

राही मामाची वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नये.
तुझी मनू

मुंबई, ता. ८ नोव्हेंबर

चि. सौ. मनूस अनेक आशीर्वाद.

टोमणा पोचला. पण बाई, तुझी वनलता आता पंचेचाळिशीची झाली. मिशा काढता येतील, आवाजाचं काय करू? तेव्हा काळी चारच्या उंच पट्टीत गायचो, आता काळी एकच्या वर गेलो की खोकला येतो. या खालच्या पट्टीत वनलता गायली, तर लोकांना वाटेल तिचा बापच आला. लोक हसले तर मला सोसायचं नाही. हे तुलाच सांगतो, दुसऱ्या कुणाला नाही.

घरात सर्वांस यथायोग्य सांगावे, रागावू नये.
दादा

चौल, ता. १४ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

मग बापच हो की. सासरी निघालेल्या लेकीला तो निरोप देतो, ते एक पद आहेच त्याला. वनलता आमची राही करील. सगळी पदं तूच शिकवलीस तिला. बाईमाणूस रंगभूमीवर म्हणून भागोजीकाकांनी नाक मुरडलं. मी म्हटलं, पुरुषाने लुगडं नेसलेलं चाललं, मग बाईने नेसलं तर काय बिघडलं? राहीच्या वडिलांचं काय, असं विचारशील, तर इकडून एवढंच सांगणं झालं, की मामा शेजारी उभा असेल तर खुशाल जाऊ दे. तू आला नाहीस तर पोरीचंही राहील.

आता कळव ते होकारच कळव.
मनू

चौल, ता. १७ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

जत्रेत येऊन बाप झालास, आणि न भेटता पहाटेच्या आगबोटीने निघून गेलास, हे शोभलं नाही. तुझं पद संपलं आणि मांडवभर वन्समोअरचा गलका झाला. वन्समोअर म्हणजे नायिकेलाच, ही तुमच्या कंपनीची सवय. तू राहीला पुढे केलंस नि आत गेलास. तिने बिचारीने आपलं पद म्हटलं. लोकांनी टाळ्या दिल्या नि पुन्हा ओरडायला लागले. ती आत येऊन बघते तर तू रंग पुसून गेलेला. भागोजीकाकांना म्हणालास म्हणे, पोरीने मैफल मारली, आता आपलं काम संपलं.

अरे वेड्या, तो वन्समोअर बापाला होता. त्या जाड आवाजालाच. बायकांच्या बाजूला कुणाचे डोळे कोरडे नव्हते. माझ्या पाठवणीच्या दिवशी तू कंपनीबरोबर दूर वऱ्हाड प्रांतात दौऱ्यावर होतास. मी ते पद माझंच समजून ऐकलं, आणि फार रडले.

पत्राला पत्र नको, तूच ये.
मनू

मुंबई, ता. २१ डिसेंबर

चि. सौ. मनूस अनेक आशीर्वाद.

वन्समोअर बापालाही मिळतो, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. सकाळपासून काही सुचत नाही, गाण्याच्या शिकवणीच्या मुलांना सुट्टी दिली आहे. संक्रांतीला येतो. भागोजीकाकांना सांग, गावासाठी ते पद पुन्हा म्हणेन. पण आधी तुझ्या ओटीवर बसून म्हणेन, तू समोर बस. तुझ्या पाठवणीला म्हणायचं राहून गेलं.

तुझा
दादा