आईच्या कपाचा कान

सायलस हॅमक, जॉर्जिया
१७ मे २०१९

चि. ओडेल हिस, अ. उ. आ.

मंगळवार, १४ मे, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी काउंटी सरकारची पिवळी गाडी आपल्या दफनभूमीत शिरली आणि साडेदहाला भरून बाहेर पडली. वेळ घड्याळात पाहून लिहिली आहे. चौतीस वर्षं टपाल कचेरीत काढल्यावर मला एवढं कळलं आहे, की ज्याची वेळ कुणी लिहून ठेवली नाही ते घडलंच नाही, असं सरकार धरून चालतं.

थडग्यांवरून काय नेलं ते ऐक. आजोबांनी प्राण सोडला त्या मिनिटाला थांबवलेलं त्यांचं घड्याळ, मावशीचा कंदील, औषधाच्या बाटल्या, सगळे शिंपले. आणि आईचा निळ्या काठाचा कप. तिने शेवटची कॉफी घेतली तो. घरातून तिच्यामागे लगेच आणखी कोणी जाऊ नये म्हणून आपण रीतीप्रमाणे थडग्यावर फोडून ठेवला होता तो.

आपल्या चर्चचे डीकन ओझी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, तरी काठी टेकत धावले. कामगार म्हणाला, आजोबा, कचरा उचलतोय. ओझींनी विचारलं, मग रस्त्यापलीकडे गोऱ्यांच्या थडग्यांवर प्लास्टिकची फुलं दहा वर्षं ऊन खात पडलीत, त्यांची पाळी कधी? तो म्हणाला, मला एवढ्याच बाजूचा हुकूम आहे. खरं बोलला बिचारा.

मी कचेरीत गेले. कार्लटन नावाचा अधिकारी, माझ्या नातवाच्या वयाचा, मला ‘फिलोमिना’ म्हणाला. मी त्याला ‘मिसेस टिमन्स’ एकेक अक्षर करून सांगितलं. तो म्हणतो, तिथे दगड नाहीत, म्हणजे थडगी नाहीत. ते सगळं सहलीला येणाऱ्यांनी टाकलेलं. जागा होड्यांच्या धक्क्यासाठी वाहनतळाला द्यायची आहे, ६ जूनला सुनावणी. तोवर सामान गोदामात. मी म्हटलं, तुमच्याच कचेरीच्या जुन्या वहीत माझ्या पणजोबांचं नाव मालकाच्या मालमत्तेत, खेचरांच्या खाली लिहिलेलं आहे. ज्यांना स्वतःचं अंग स्वतःचं म्हणता येत नव्हतं, त्यांनी संगमरवर कुठून आणायचा? आमचे दगड तुम्ही मंगळवारी गाडीत भरलेत.

चर्चची दप्तरं आगीत गेली हे तुला माहीतच आहे. आईच्या दफनाचा एखादा कागद तुझ्याकडे आहे का? नसला तर आई बारा मोटारींखाली जाईल. फोन करू नकोस, फोन पुराव्याला चालत नाही.

गुडघ्याला तेल लावतेस ना? आशीर्वाद आहेतच, ते कमी होणार नाहीत.

तुझी
ताई


फिलाडेल्फिया
२३ मे २०१९

ति. ताईस, सा. न. वि. वि.

या वेळचा नमस्कार मनापासून, कारण पुढचं वाचून शाळेतल्या सिस्टर अल्फॉन्सा करायच्या तसं तू मला भिंतीकडे तोंड करून उभी करशील.

आईचा कप फोडला तेव्हा त्याचा कान उडून माझ्या बुटाशी पडला. सगळे गात होते. मी वाकले आणि तो हातमोज्यात सरकवला. थडग्यावरचं काही उचलू नये, गेलेलं माणूस ते मागायला येतं, हे मला पाळण्यापासून ठाऊक. पण पुढच्याच आठवड्यात मी इकडे यायची होते आणि सोबत तिचं काहीच नव्हतं.

त्यानंतर माझे दोन नवरे गेले, एक दुसऱ्या बाईकडे आणि एक देवाकडे. नवीकोरी मोटार गेली, पित्ताशय गेलं. दर वेळी वाटायचं, आई कान मागते आहे. म्हणूनच गावी आले तरी दफनभूमीत न जाता चर्चच्या दारातून परत फिरायची. तू समजायचीस, शहराची हवा लागली.

तो कान लोकरी मोज्यात घालून, नोंदणी करून पाठवते आहे. त्याला गुंडाळलेला कागद फेकू नकोस. ती त्या दिवसाची छापील पत्रिका आहे. तारीख, पाद्र्यांचं नाव आणि खाली स्पष्ट, ‘दफन सायलस हॅमक इथे, आपल्या आईशेजारी’.

रागाव, पण लोभ आटवू नकोस.

तुझी
ओडेल


सायलस हॅमक, जॉर्जिया
७ जून २०१९

चि. ओडेल हिस, अ. उ. आ., आणि त्यात थोडा राग मिसळून.

काल सुनावणी झाली. कार्लटनने कचऱ्याचा नमुना म्हणून गोदामातल्या सामानाचं खोकंच सभेत आणलं होतं. मी आईचा कप मागितला. त्याने रबरी हातमोज्यांनी काढला, मी उघड्या हातांनी घेतला. मग तुझा मोजा सोडला आणि कान कपाला लावला. बसला, ओडेल. केसाएवढी फट राहिली नाही. मी पत्रिका मोठ्याने वाचली.

अध्यक्षबाईंनी विचारलं, बाकीचं कुणाचं? मी घड्याळ उचलून आजोबांचं नाव घेतलं. ओझी उठले आणि हिरवी बाटली त्यांच्या बायकोची म्हणाले. मग मागच्या बाकांवरून एकेक जण उठत गेला. खोकं रिकामं व्हायला चाळीस मिनिटं लागली. चार विरुद्ध एक मतांनी वाहनतळ रद्द. जागेची मोजणी करून ती दफनभूमी म्हणून नोंदवणार आहेत. लेखी मिळेपर्यंत मी टाळ्या वाजवणार नाही. बाहेर कार्लटन माझ्यामागून आला आणि विचारता झाला, मिसेस टिमन्स, घड्याळ कुठल्या बाजूला ठेवायचं असतं? मी दाखवायला गेले.

तुझ्यावर मी रागावले, तासभर. मग कान नीट पाहिला. जिथे अंगठा टेकतो तिथली झिलई पार गेली आहे. अठ्ठेचाळीस वर्षं तू आईचा हात धरून बसली होतीस.

आता एकच काम उरलं. सगळ्यांचं सामान जागेवर गेलं, आईचा कप आणि कान माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत. ओझी म्हणतात, ज्या हाताने उचललं त्याच हाताने ठेवावं लागतं, दुसऱ्याचा चालत नाही. मी माझा पुढे करून पाहिला, त्यांनी काठी आडवी घातली.

तेव्हा कळवावे की आपण कोणत्या तारखेला, कोणत्या गाडीने येत आहात. गुडघा, उन्हाळा, शेजारणीचं मांजर ही कारणं ऐकली जाणार नाहीत. लोभ आहे म्हणूनच मुदत देते. उत्तर लेखी, तुझ्या सहीचं, गुरुवार २० जून रोजी दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझी
ताई