तारेने बांधलेली रायफल

बाबा,

तुमची रायफल मी विकत घेतली. तुम्ही गेल्यावर आईने ती तुमच्या दोस्ताला, चाचांना दिली होती, आणि आम्ही बोटीने रत्नागिरीला परतलो. आता मी पुन्हा आखातात आले आहे, इथल्या इस्पितळात एक्स-रे विभागात काम करते. मधल्या काळात रुपये जाऊन दिनार आले, पण फरवानियातलं चाचांचं गॅरेज तसंच आहे, दारातच इंजिनं उघडून टाकलेली. मागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड. मी गेले तेव्हा रायफल जुन्या चादरीत गुंडाळून फळीवर ठेवली होती, आणि फळीखाली त्यांची सून बाळाला घेऊन निजली होती.

रायफल मला का हवी होती हे सांगायला अहमदीतल्या तेल कंपनीच्या क्वार्टरात जावं लागतं. मी बारा वर्षांची आहे. आई झुबैदी तळते आहे, त्या माशाला ती अजूनही सरंगाच म्हणते. मी स्टुलावर उभी राहून कपाटावरची धूळ पुसते आहे. फडकं वर ठेवलेल्या रायफलीच्या दस्त्याला लागतं आणि तुम्ही दारातून धावत येता. आधी दंडाला धरून मला खाली ओढलंत, मग थोबाडीत मारलीत. "हात लावायचा नाही म्हणजे नाही!" त्याआधी तुम्ही मला कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. आई उलथनं हातात घेऊन तशीच वळली. "लोखंडाच्या तुकड्यासाठी पोरीला मारता?" मी मनाशी ठरवलं की ती वस्तू तुम्हाला माझ्यापेक्षा प्यारी आहे. तुम्ही गेलात तेव्हाही माझं मत तेच होतं.

चाचांनी चादर सोडली. चापाखालची लेव्हर खाली ओढून वर घेतली की या रायफलीत पुढचं काडतूस येतं, एवढं मला तुमच्याकडे बघून माहीत होतं. पण ती लेव्हर आणि वरचा घोडा, दोन्ही दस्त्याला तारेने बांधलेले होते. तार दुपदरी, एकसारखी पिळलेली, टोक आत वळवलेलं. पंपाचे बोल्ट थरथरून सैल होऊ नयेत म्हणून तुम्ही त्यांना बांधायचात, तशीच.

"ही तार कोणी बांधली, चाचा?"

"तुझ्या बापसानं. मी कशाला हात लावू? माझ्याकडं गोळी नाय आणि रानात हरीण नाय."

"रिकामी आहे ना?"

"गो पोरी, तुझा बापूस एक नट सैल सोडायचा नाय. तो भरलेली बंदूक घरात ठेवील काय?"

रिकाम्या बंदुकीला अशी तार कोणी बांधत नाही, हे मला दिसत होतं. सुनेला तेवढं दुसऱ्या खोलीत निजायला सांगितलं.

रायफलीचा एक्स-रे काढू का, असं आमच्या विभागाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "शुक्रवारी आण. आणि मी काही पाहिलेलं नाही." पिकअपच्या हौद्यात वाळूच्या पोत्यांमध्ये रायफल आडवी ठेवून आम्ही निघालो. चाचा सारखे हसत होते. "दवाखान्यात आजारी माणसं कमी पडली काय, म्हणून बंदुकीचे फोटो काढतेस?" फिल्म धुऊन दिव्यासमोर धरली तेव्हा ते हसायचे थांबले. वरची नळी जाड पोलादाची, तिच्या आतलं आमच्या मशीनला दिसत नाही. पण तिच्याखालची, काडतुसं ठेवायची नळी पातळ असते. त्यात चार काडतुसं एकामागे एक होती. गोळ्यांची टोकं अणकुचीदार, आणि प्रत्येक टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकलेलं. नेमक्या त्याच जागी ठोका बसला की काडतूस उडतं. अशा रायफलीत चपट्या तोंडाच्या गोळ्या घालतात. वरच्या नळीत पाचवं काडतूस आहे की नाही, ते फिल्मवरून कळायला मार्ग नव्हता.

चाचांनी फिल्मवरची काडतुसं बोटाने मोजली. मग म्हणाले, "ज्या अमेरिकन साहेबाकडून घेतली ना, तो त्या गोळ्या स्वतः भरायचा. डबा फुकट दिलान. विमानाकडं जाताना मागं वळून एक बोट दाखवून ओरडत होता, एक, एक. आम्ही हसलो. तुझा बापूस नाय हसला. दोन दिवस नीट जेवला नाय. मला वाटलं, साहेब गेला म्हणून."

एका वेळी एकच, असं तो सांगत होता. तोवर तुम्ही चार भरल्या होत्या.

जाताना आम्हाला माहीत नव्हतं, परतताना माहीत होतं. चाचा रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला अल्लाचं नाव घेत होते. घरी न जाता आम्ही वस्तीपासून लांब, मोकळ्या वाळूत थांबलो. रायफल पोत्यांमध्ये बांधली, तोंड उताराला, मोकळ्या बाजूकडे. लेव्हर ओढली की नळीतली काडतुसं एकमेकांवर आपटतात; पण ती न हलवताही रायफल रिकामी करता येते. खालच्या नळीच्या टोकाशी एक बारीक स्क्रू असतो, तो काढला की बूच, मग स्प्रिंग, मग काडतुसं पुढूनच घसरत बाहेर येतात.

"लांब व्हा, चाचा."

"आणि तुझ्या आईला कुठलं तोंड दाखवू?"

"दोघंही मेलो तर काय दाखवणार आहात?"

ते चार पावलं मागे सरकले आणि तिथेच उकिडवे बसले.

स्क्रूची खाच आधीच झिजलेली होती, कडेला ओरखडे होते. तो स्क्रू दुसऱ्या कोणी फिरवला असेल असं मला वाटत नाही. म्हणजे युक्ती तुम्हालाही सुचली होती. तुम्ही सुरुवात केलीत, थांबलात, स्क्रू परत घट्ट केलात आणि तार बांधलीत. ज्याच्या हाताखाली सगळं पंपघर चालायचं, त्याने हे कोणाला सांगायचं? त्यानंतर मी फडकं घेऊन त्याच रायफलीपाशी स्टुलावर चढले.

काडतुसं नळीच्या तोंडाखाली अंथरलेल्या गोधडीवर एकेक करून उतरली. मग मी तार कापली, लेव्हर हळूच खाली ओढली. वरची नळी रिकामी होती. चाचा काडतुसं रुमालात घेऊन गेले आणि पोलिसांकडे देऊन आले. परवाना त्यांच्याच नावावर राहिला आहे, कारण बाईमाणसाचा अर्ज बघून ठाण्यातल्या माणसाने आधी हसून घेतलं आणि मग नवऱ्याला घेऊन ये म्हणाला. रायफल माझ्या खोलीत आहे. तेल दिलं आहे. तुमच्या मरणानंतर पहिल्यांदाच तुमच्याबद्दल माझं मत बदललं, आणि ते मला कोणाला तरी कळवायचं होतं. आईला कळवलं तर ती विचारेल, मला का नाही सांगितलं त्यांनी, आणि ते तुम्हीच सांगू शकला असता. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हे टपालात पडायचं नाही.

एक गोष्ट वर लिहायची मी टाळली. पहिल्यांदा स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवला तेव्हा माझा हात फिरेना. चष्मा पुसते, असं चाचांना सांगून मी उठले आणि पिकअपच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. चष्मा स्वच्छच होता.